झाडं भरपूर, फिल्टर चालू, तरी माशांची टाकी दर दोन महिन्यांनी का बिघडते?

तक्रार साधारण अशी असते. टाकी लावून आठ-दहा महिने झालेत, झाडं चांगली धरली आहेत, मासे रंगात आहेत. आणि मध्येच पंधरा दिवस सगळं बिनसतं. काचेवर हिरवा थर चढतो, अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडांना काळं केसाळ शेवाळ धरतं, सकाळी लाइट लागायच्या आधी पाहावं तर निम्मे मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंडाची उघडझाप करत उभे. पाणी बदललं, शेवाळ खरवडलं, दोन दिवस लाइट बंद ठेवली की टाकी सावरते. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तेच.

माझ्या टाकीत हे चक्र वर्षभर चाललं. दर वेळी मी शेवाळावर इलाज केला. लाइटचे तास कमी केले, शेवाळनाशक वापरून पाहिलं, शेवटी शेवाळ खाणारे मासे आणले. हे शेवटचं पाऊल सगळ्यात चुकीचं ठरलं, कारण टाकीत खाणारी तोंडं वाढली आणि मूळ दुखणं तसंच राहिलं.

आपण विचारतो, 'इतक्या लिटरच्या टाकीत किती मासे चालतील?' हा प्रश्न विचारताना माशांची संख्या एकदा ठरली की ठरली असं आपण धरून चालतो. टाकीत प्रत्यक्षात दोन वेगांची शर्यत चालू असते: रोज किती खाणं आत पडतं आणि रोज झाडं किती वाढतात. हे दोन वेग जुळलेले असतील तर टाकी महिनोन्महिने शांत राहते. यातला कुठलाही एक अचानक बदलला की टाकी बिघडते, मग माशांचा आकडा तोच का असेना. बिघाड ठरावीक अंतराने परत येत असेल, तर यातला एक वेग ठरावीक अंतराने तुमच्याच हातून बदलतो आहे, असं मी आता धरूनच शोधायला लागतो.

आधी घड्याळ पाहा

मासे वर येऊन धापा टाकत असतील तर कुठलीही चाचणी करण्याआधी ते नेमके कोणत्या वेळी वर येतात ते दोन दिवस लिहून ठेवा. एवढ्यावरून अर्धं निदान होतं.

पहाटे वर येतात आणि लाइट लागून दोन-तीन तास झाले की खाली जातात, असं असेल तर ऑक्सिजन कमी पडतो आहे. दिवसा झाडं ऑक्सिजन देतात, पण अंधारात तीही माशांसारखा ऑक्सिजन घेतात. फिल्टरमधले आणि तळाच्या गाळातले जिवाणू तर चोवीस तास घेत असतात. म्हणून दाट झाडांच्या टाकीत सगळ्यात बिकट वेळ लाइट लागण्याच्या तासभर आधीची. त्यात पाणी कोमट असेल तर आणखी अडचण, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम, २५ अंशांना ८.३ आणि ३० अंशांना जेमतेम ७.५. हे आकडे पाणी हवेशी पूर्ण समतोलात असतानाचे, म्हणजे जास्तीत जास्त. पहाटेच्या टाकीत त्याहून बरंच कमी असू शकतं.

खात्री करायला एअरपंप टायमरवर लावा आणि फक्त रात्रभर चालवा. दुसऱ्या दिवशी पहाटे मासे खाली, आपापल्या जागी दिसले तर निदान पक्कं झालं. पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर तीही बघा. फिल्टरच्या पाण्याचा झोत पृष्ठभाग हलवेल असा वळवला की साय फुटते आणि हवा आत जायला लागते. पण एअरपंप लावून प्रश्न सुटला असं मानू नका. त्याने मासे वाचतात आणि तुम्हाला शोधायला वेळ मिळतो, इतकंच. टाकीत श्वास घेणारं फार काही आहे ही खूण तशीच राहते. त्या 'फार काही'मध्ये मासे येतात, तसा कुजणारा पाला आणि फिल्टरमधला तुंबलेला स्पंजही येतो.

दुपारी किंवा संध्याकाळी वर येत असतील आणि टाकीला झाडांच्या वाढीसाठी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर जोडलेलं असेल, तर पहिला संशय गॅसवर. गॅस लाइटच्या तासभर आधी सुरू आणि लाइट बंद होण्याच्या तासभर आधी बंद, असा टायमर लावा. ड्रॉप चेकर म्हणजे गॅसच्या प्रमाणाप्रमाणे रंग बदलणारी, टाकीत लावायची छोटी कुपी. ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट क्षारतेचं माप) द्रावण भरलेला ड्रॉप चेकर पिवळा पडत असेल तर गॅस जास्त होतो आहे. तो हिरवा राहायला हवा. मासे वाढवले की गॅसची पूर्वीची मात्रा सोसवेनाशी होते, हेही लक्षात असू द्या. टाकीला गॅस लावणारी मंडळी हे फार वेळा विसरतात.

आणि दिवसभर, कुठल्याही वेळी मासे वर असतील, कल्ले लाल किंवा तपकिरी दिसत असतील, तर अमोनिया आणि नायट्राइट लगेच मोजा. (माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात.) नायट्राइट रक्तात शिरला की रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते. अशा वेळी पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर खाणं बंद करा, क्लोरीन काढलेल्या पाण्याने निम्मं पाणी बदला, एअरपंप चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. धडधाकट मोठे मासे तीन-चार दिवस उपाशी सहज राहतात. निम्मं पाणी बदलण्याला एक मोठा अपवाद आहे. तो पुढे केएचच्या भागात येईल, तो वाचल्याशिवाय जुन्या टाकीत हे करू नका.

अमोनियाबद्दल आणखी एक. झाडांच्या टाकीत पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप, दिवसभर एकसारखा नसतो. झाडं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे गॅस न जोडलेल्या टाकीत लाइटच्या शेवटच्या तासांत पीएच सकाळपेक्षा चढलेला असतो, पाणी मऊ असेल तर बराच. आणि अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर झपाट्याने वाढतो. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का किंवा थोडा जास्त भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे तोच आकडा सकाळी निरुपद्रवी आणि संध्याकाळी घातक असू शकतो. मोजायचं तर लाइट बंद होण्याच्या थोडं आधी मोजा.

टाकीत खरं पाणी किती?

६० × ३० × ३६ सेंटिमीटरची टाकी आपण ६५ लिटरची म्हणतो. हिशोबाने ६४.८ लिटर बरोबरच आहे. पण तळाशी ५ सेंटिमीटर माती-खडी आहे आणि पाणी काठापासून ४ सेंटिमीटर खाली आहे. उरली २७ सेंटिमीटर उंची. ६० × ३० × २७ म्हणजे ४८.६ लिटर. त्यातून दगड, लाकूड आणि काचेची जाडी वजा करा. माशांच्या वाट्याला आलं ४५ ते ४८ लिटर. कागदावरच्या आकड्यापेक्षा एक चतुर्थांश कमी! औषध, खत, मासे, सगळ्यांचा हिशोब या खऱ्या आकड्यावर करा. पुढची टाकी पहिल्यांदा भराल तेव्हा मापाच्या बादलीने भरा, म्हणजे हा प्रश्न कायमचा सुटेल.

'एका गॅलनला एक इंच मासा' हा नियम तुम्ही ऐकला असेलच. तो सोडून द्या. ३ सेंटिमीटरचे दहा टेट्रा आणि ३० सेंटिमीटरचा एक ऑस्कर यांची लांबी सारखीच भरते. पण माशाचं वजन लांबीच्या घनाच्या पटीत वाढतं. दहा टेट्रांची बेरीज २७० धरली तर ऑस्करचा आकडा २७,००० येतो. लांबी तितकीच, वस्तुमान शंभर पट. एका जातीचे, बोटाएवढे मासे असतील तर हा नियम कसाबसा चालतो, त्यापलीकडे नाही. शिवाय झाडांचा त्यात कुठेच विचार नाही.

खाण्याचं वजन करा

हे कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त उलगडा यातूनच होतो. चिमूटभर खाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही. म्हणून खाण्याचा अख्खा डबा आज मोजा, नेहमीसारखं खाणं घाला आणि दहा दिवसांनी डबा पुन्हा मोजा. फरकाला दहाने भागा. दोन-तीन डबे वापरत असाल तर सगळे एकत्र मोजा.

समजा फरक ३ ग्रॅमचा आला. म्हणजे दिवसाला ०.३ ग्रॅम. डब्यावर प्रथिनं ४५ टक्के लिहिली आहेत. प्रथिनांमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून १ ग्रॅम खाण्यात जवळपास ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन, आणि ०.३ ग्रॅममध्ये साडेएकवीस मिलिग्रॅम. हा सगळा नायट्रोजन शेवटी नायट्रेट झाला तर त्याचं वजन ४.४ पट भरतं, म्हणजे ९५ मिलिग्रॅम. ४८ लिटर पाण्यात हे दिवसाला लिटरमागे २ मिलिग्रॅम, आठवड्याला १४. त्यातला काही भाग माशांच्या अंगी लागतो, काही गाळात अडकतो. तरी आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट तयार होईल असं धरून चालायला हरकत नाही. हे १० तुमच्या झाडांनी खाल्लं पाहिजे, नाहीतर तुम्ही बादलीने बाहेर काढलं पाहिजे. तिसरी वाट नाही.

बादलीचा हिशोबही इथेच करून टाकू. आठवड्याला १० ची भर पडते, झाडं काहीच खात नाहीत आणि तुम्ही दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलता असं धरा. मग नायट्रेट वाढत वाढत ४० वर जाऊन स्थिरावतं. निम्मं पाणी बदलत असाल तर २० वर. सूत्र सोपं आहे: आठवड्याची भर भागिले पाणी बदलण्याचा भाग. नळाच्या पाण्यात मुळात नायट्रेट असेल तर तेवढं त्यात मिळवा. म्हणून नळाचं पाणीही एकदा मोजा. काही ठिकाणी नळालाच २०-३० असतं आणि माणूस उगाच माशांना दोष देत बसतो.

सात दिवसांची चाचणी

झाडांचा वेग मोजायला हीच एक भरवशाची पद्धत मला सापडली. नेहमीसारखं पाणी बदला. दुसऱ्या दिवशी नायट्रेट आणि केएच मोजून लिहा. मग सात दिवस पाणी बदलायचं नाही, छाटणी करायची नाही, फिल्टर उघडायचा नाही, नायट्रेट असलेलं खत घालायचं नाही. खाणं नेहमीएवढंच. आठव्या दिवशी पुन्हा मोजा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसत असेल तर मात्र ही चाचणी करू नका, आधी ते आटोक्यात आणा.

नायट्रेटची द्रवाची चाचणी करताना दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, तिच्यातली पूड तळाशी बसते. ती हलवली नाही तर आकडा खोटा, कमी येतो. मी सहा महिने असेच खोटे आकडे वहीत लिहीत होतो. वरचे लाल रंग एकमेकांतून ओळखू येत नसतील तर नमुन्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळून मोजा आणि उत्तर दुप्पट करा. किट 'नायट्रेट' दाखवतं की 'नायट्रेट-नायट्रोजन', हेही माहितीपत्रकात पाहा. दुसरं असेल तर ४.४ ने गुणा.

आकडा जवळपास तिथेच राहिला, म्हणजे दोन-चारने इकडेतिकडे, तर तुमचे मासे आणि झाडं जुळलेली आहेत. अशा टाकीत शेवाळ येत असेल तर ते माशांच्या संख्येमुळे नाही. लाइटचे तास बघा, दिवसाला सहा ते आठ पुरे असतात.

आकडा आठ-दहाने किंवा जास्त वाढला, तर खाणं झाडांच्या पुढे पळतं आहे. इथे लोक लगेच मासे देऊन टाकायचा विचार करतात. मी क्रम उलटा ठेवतो. आधी खाणं. बहुतेक टाक्यांमध्ये एक तृतीयांश खाणं सहज कमी करता येतं आणि माशांचं काही बिघडत नाही. आठवड्यातून एक दिवस उपास ठेवला तरी चालतं, पिल्लं असतील तेवढी सोडून. मग झाडं. आणि झाडं वाढवायची म्हणजे कुठली, हे इथे फार महत्त्वाचं आहे.

अनुबियास, जावा फर्न, बुसेफॅलांड्रा ही दिसायला देखणी आणि चिवट झाडं आहेत, पण ती महिन्याला एक-दोन पानं काढतात. त्यांनी टाकी गच्च भरली तरी नायट्रोजन ओढण्याचा वेग मंदच. टाकी हिरवीगार आहे, मग मासे वाढवायला काय हरकत, ही फसगत इथूनच सुरू होते. किती झाडं आहेत हे पाहू नका, आठवड्याला किती नवी वाढ होते ते पाहा. हायग्रोफिला, हॉर्नवर्ट, वॅलिस्नेरिया, वॉटर स्प्राइट ही खरी कामकरी झाडं. त्यांच्याही पुढे तरंगणारी: साल्विनिया, पिस्टिया, डकवीड. यांची पानं हवेत असतात, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांना फुकट मिळतो. पाण्याखालच्या झाडांची वाढ बहुधा कार्बनपाशी अडते, तरंगणाऱ्यांची नाही. दर आठवड्याला मूठभर तरंगतं झाड काढून टाकणं म्हणजे नायट्रोजन प्रत्यक्ष टाकीबाहेर नेणं. फक्त अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नका, खालची झाडं अंधारात जातात. डकवीडबद्दल सावध करतो. ते एकदा आलं की पूर्ण निघत नाही.

झाडं कामकरी असूनही नायट्रेट वाढतच असेल तर खताकडे बघा. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण झाडाला वाढायला नुसता नायट्रोजन पुरत नाही. पोटॅशियम, लोह, फॉस्फेट यांतलं जे सगळ्यात कमी असेल तिथे वाढ अडते आणि बाकीचं पाण्यात साचत जातं. शेतीत याला न्यूनतमाचा नियम म्हणतात. माशांच्या खाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर मिळतात, पण पोटॅशियम आणि लोह झाडांच्या मानाने थोडं. जुन्या पानांना सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली तर पोटॅशियमचा संशय, कोवळी पानं फिकट पिवळी आणि शिरा हिरव्या तर लोहाचा. ते घातलं की अडलेली वाढ सुटते आणि नायट्रेट उतरू लागतं. 'मासे आहेत, मग खत कशाला?' असं म्हणणाऱ्या टाक्यांमध्ये नायट्रेट ५० च्या वर आणि झाडं खुरटलेली, हे दृश्य मी कितीदा तरी पाहिलं आहे.

आता तिसरी शक्यता: आकडा शून्यावर आला. याने पुष्कळ जण खूश होतात, पण झाडं उपाशी आहेत. जुनी, खालची पानं पिवळी पडून गळतात, कारण झाड त्यांच्यातला नायट्रोजन काढून कोवळ्या शेंड्याला देतं. ती गळलेली पानं कुजतात आणि अशा टाकीत निळसर-हिरवा, चिकट, उग्र वासाचा थर पसरायला वाव मिळतो. तो थर शेवाळाचा नसतो, सायनोबॅक्टेरियाचा असतो. मासे झाडांच्या मानाने कमी आहेत, इतकाच याचा अर्थ. पण म्हणून झटकन दहा मासे आणू नका. पोटॅशियम नायट्रेटची १ ग्रॅम पूड ५० लिटर पाण्यात साधारण १२ मिलिग्रॅम नायट्रेट देते. हवं तेव्हा थांबवता येतं. मासे थांबवता येत नाहीत.

मग ते पुन्हा पुन्हा का येतं?

सात दिवसांच्या चाचणीत माझी टाकी जुळलेली निघाली. आकडा १५ वरून १७. तरी दोन महिन्यांनी शेवाळ आलंच. तेव्हा मी वहीची मागची पानं उलटली. रोजची नोंद एका ओळीची होती: पाणी बदललं, छाटणी केली, नवे मासे, फिल्टर धुतला. शेवाळ पहिल्यांदा दिसल्याची तारीख शोधून तिच्या मागचे पंधरा दिवस वाचले. चार वेळा शेवाळ आलं होतं आणि चारही वेळा त्याच्या नऊ ते बारा दिवस आधी एक मोठा सफाईचा दिवस होता.

त्या दिवशी मी काय करायचो? झाडं वरपर्यंत आली की निम्म्याहून जास्त छाटायचो. हात ओले झालेच आहेत म्हणून फिल्टरही उघडायचो आणि स्पंज नळाखाली स्वच्छ पांढरा होईपर्यंत धुवायचो. तळाची माती उकरली जायची ती वेगळीच. म्हणजे नायट्रोजन खाणारी झाडं अर्धी झाली. अमोनिया सांभाळणारे जिवाणू नळातल्या क्लोरीनने मेले. गाळातला अमोनिया पाण्यात आला. मासे तेवढेच, खाणं तेवढंच, लाइट तेवढीच. छाटलेला हायग्रोफिला पुन्हा जोम धरायला आठ-दहा दिवस घेतो आणि तेवढ्यात शेवाळाने जागा धरलेली असायची.

निरोगी टाकीत झाडं अमोनिया नायट्रेटच्या आधी उचलतात. बऱ्याच पाणवनस्पतींना तोच जास्त सोईचा पडतो. म्हणून दाट लागवडीच्या टाकीत फिल्टरमधली जिवाणूंची वसाहत माशांच्या मानाने लहान असू शकते, कारण तिच्या वाट्याला अमोनिया येतच नाही. रोजच्या दिवसात हे कळत नाही. छाटणीच्या दिवशी झाडं कमी होतात आणि तो सगळा भार त्या लहान वसाहतीवर येतो. ती तेव्हाच धुऊन टाकली तर मग काय होणार!

तुमच्या टाकीत कारण दुसरं असू शकतं. शोधायची रीत मात्र हीच. शेवाळ दिसल्याची तारीख घ्या आणि मागचे पंधरा दिवस आठवा. चार दिवस बाहेर गेला होतात आणि दुसऱ्या कुणी प्रेमाने दुप्पट खाणं घातलं होतं का? (पुड्या बांधून ठेवा, एका दिवसाची एक, आणि डबा कपाटात.) नवी माती घातली होती का? काही पोषक मातींतून पहिले काही आठवडे अमोनिया सुटतो.

आणि दोन कारणं अशी आहेत की ती वहीत सापडतच नाहीत, कारण ती कुठल्याही एका दिवशी घडत नाहीत.

पहिलं, मासे वाढतात. आपण आणतो ती पिल्लं असतात. चार सेंटिमीटरचा प्लेको काच साफ करायला आणला जातो आणि साध्या प्लेकोची जात ४० सेंटिमीटरपर्यंत जाते. गोल्डफिश तसाच, शिवाय तो झाडंही उपटतो. आणि गप्पी: मादी साधारण चार आठवड्यांनी विते, एका वेळी वीस-तीस पिल्लं सहज. नराला बाजूला काढलं तरी ती साठवलेल्या शुक्राणूंवर पुढचे काही महिने वीत राहते. दाट झाडांत पिल्लं लपतात, वाचतात, आणि तुम्ही दहा मासे आणलेत त्या टाकीत सहा महिन्यांनी साठ असतात. 'मी नवे मासे आणलेच नाहीत,' असं सांगणाऱ्यांनी मोजणी करावी. लाइट बंद करून अर्ध्या तासाने टॉर्च मारून मोजली तर बरी जमते.

दुसरं, केएच. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता खर्च होते: १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने ७.१ मिलिग्रॅम. वरच्या टाकीत दिवसाला लिटरमागे ०.४५ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. सगळा जिवाणूंनी हाताळला तर सहा दिवसांत जवळपास १ डिग्री केएच संपतो. नायट्रेट उचलताना झाडं यातला काही भाग परत देतात, म्हणून जुळलेल्या टाकीत केएच हळू उतरतो. जास्त मासे, कमी वाढ आणि पाणी बदलण्याचा कंटाळा हे तिन्ही जमले की तो शून्याकडे जातो, पीएच घसरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. अमोनिया साचतो, पण कमी पीएचमुळे विषारी नसलेल्या रूपात. मासे जगतात. मग एक दिवस तुम्ही उत्साहाने निम्मं पाणी बदलता, पीएच एकदम चढतो आणि साचलेला अमोनिया तासाभरात विषारी होतो. 'पाणी बदललं आणि मासे गेले' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. म्हणून वर अपवाद म्हटलं. टाकीचा पीएच नळाच्या पाण्यापेक्षा एकने किंवा जास्त खाली असेल आणि अमोनियाही दिसत असेल, तर एका वेळी दहा टक्केच पाणी बदला, रोज, आठवडाभर. खाणं त्या काळात बंद किंवा नावापुरतं.

आता मी काय करतो

छाटणी तीन भागांत करतो: या आठवड्यात डावा कोपरा, पुढच्या आठवड्यात मधला, मग उजवा. एका दिवशी एक तृतीयांशापेक्षा जास्त झाड कापत नाही. कापलेलं प्रत्येक पान बाहेर काढतो, तरंगत ठेवत नाही. छाटणीनंतर तीन दिवस खाणं निम्मं आणि लाइट दोन तास कमी. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळतो, मळका राहिला तरी चालतो, आणि छाटणीच्या आठवड्यात फिल्टरला हात लावत नाही. तरंगती झाडं मात्र छाटणीच्या वेळी मुद्दाम जास्त ठेवतो, खालची झाडं सावरेपर्यंत ती भार उचलतात. काळं शेवाळ धरलेली जुनी पानं सरळ कापून टाकतो, ती पुन्हा स्वच्छ होत नाहीत.

हे बदल केल्यापासून ते चक्र थांबलं आहे. मासे तेवढेच आहेत, एकही कमी केला नाही.

नवे मासे आणायचे असतील तर सात दिवसांची चाचणी आधी करा. आकडा स्थिर किंवा उतरता असेल तरच आणा, लहान जातीचे चार-पाच. पूर्ण वाढल्यावर ते केवढे होतात हे पाहून निवडा. झाडं कितीही खात असली तरी पोहायला जागा ती वाढवत नाहीत, आणि भांडखोर जातींची भांडणं नायट्रेटच्या चाचणीत दिसत नाहीत. मासे आणल्यावर तीन आठवडे बाकी काही बदलू नका. मग डबा पुन्हा मोजा, चाचणी पुन्हा करा. या वेळी नायट्रेट आठ-दहाने चढलेलं दिसलं तर पुढचे मासे थांबवा, तरंगती झाडं मूठभर वाढवा आणि सहा आठवड्यांनी, छाटणी नसलेल्या आठवड्यात, परत मोजा.